अकरा वाजून बेचाळीस मिनिटं

सुतळीकाकांनी वायर उपटली आणि खोलीतला एक पंखा थांबला. एकच. बाकीच्या यंत्रांचे पंखे घोंघावतच होते, त्यामुळे पहिल्यांदा कुणाच्या लक्षातही आलं नाही. काकांनी वायरीची नीट गुंडाळी केली, तिला रबर लावलं, मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि खिशातल्या चिठ्ठीवर लिहिलं : यंत्र क्रमांक तीन, वीज तोडली, अकरा वाजून बेचाळीस मिनिटं. मग पिशवीतून सुतळीचं बंडल काढून ते बांधाबांधीला लागले.

पहिला फेरा मारतायत, तोच कपाटाच्या पुढच्या बाजूनं तंत्रज्ञ मुलीचा आवाज आला.

"अरे? हे काय झालं? कुणी काही हलवलं का?"

तिनं दोन-तीन बटणं दाबून पाहिली.

"यादीची माझी नक्कल थांबलीये. आत्ता चालू होती."

काकांनी कपाटामागून मान बाहेर काढली. दातात सुतळीचं टोक होतं, ते काढून म्हणाले, "वायर काढली."

"कुठली?"

"तीन नंबरची."

"काका!" मुलीनं दोन्ही हात डोक्याला लावले. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला पाहिजे? वायर काढल्याशिवाय दोरी कशी बांधणार? मध्ये येते."

दारातले दोन शिपाई एकमेकांकडे बघून भिंतीकडे बघायला लागले. साहेब मोबाईलवर कुणाशी तरी बोलत होते. "नंतर करतो" म्हणून त्यांनी तो खिशात टाकला, मुलीच्या पडद्यावर वाकून पाहिलं, मग छताकडे पाहिलं. छतावर पाहण्यासारखं काही नव्हतं.

"अठरा मिनिटं," ते शेवटी म्हणाले. "नऊ देशांचे पोलीस दोन महिने श्वास रोखून बसलेत, आणि आपण अठरा मिनिटं आधी शिंकलो."

त्याचं असं होतं. इंटरनेटवर एक दुकान होतं. ऑफिसात सगळे त्याला 'पडदा' म्हणायचे. दर महिन्याला पैसे भरा, मग तुम्ही इंटरनेटवर कुठंही जा, कुणाचंही दार ठोठावा, तिथं तुमचा पत्ता दिसणार नाही, पडद्याचा दिसेल. आणि आम्ही कुणाची कसलीही नोंद ठेवत नाही, ही त्यांची मोठी फुशारकी. भल्या माणसालाही कधी कधी पडद्याआड जावंसं वाटतं, त्यात गैर काही नाही. पण या दुकानाची जाहिरात लागायची ती चोरांच्या बाजारात. दवाखान्यांचे, शाळांचे, नगरपालिकांचे कॉम्प्युटर कुलूपबंद करून खंडणी मागणारे ही इथली नेहमीची गिऱ्हाइकं. ते दुकान नऊ देशांनी मिळून एकाच क्षणी बंद करायचं ठरवलं होतं. आपल्याकडे दुपारचे बारा, कुणाकडे पहाटेचे साडेतीन. दुकानाची यंत्रं सगळीकडे विखुरलेली. त्यातलं एक या शहरात, एका कचेरीच्या इमारतीच्या तळघरात, भाड्याच्या कपाटात तिसऱ्या फळीवर बसलेलं. त्या क्षणी त्यातून कोणकोण ये-जा करतंय ती यादी फक्त यंत्राच्या चालू डोक्यात होती. वीज गेली की यादी गेली. साडेअकरा ते बारा या अर्ध्या तासात ती उतरवून घ्यायची, बारा वाजता टाळं लावायचं, असा बेत होता.

हे सगळं आदल्या दिवशीच्या बैठकीत दोन तास समजावून झालं होतं. बैठकीला सगळे होते. मुद्देमालाच्या कारकुनाला कोण बोलावतं? तो गाडीत मागं बसतो, मांडीवर पिशवी घेऊन.

सुतळीकाका एकतीस वर्षं मुद्देमालाच्या खोलीत होते. पोलिसांनी जप्त केलेली प्रत्येक वस्तू त्या खोलीत यायची आणि काकांच्या हातून बांधली जायची : कोयते, सायकली, खोट्या नोटा छापायचं यंत्र, एकदा एक पोपट. पोपटाला सुतळी बांधता येईना म्हणून पिंजऱ्याला बांधली, आणि तो कोर्टात तारीख पडेपर्यंत चार महिने काकांच्या टेबलावर बसून शिपायांच्या आवाजात जांभया द्यायला शिकला. कामाची रीत ठरलेली. वीज असेल तर तोडायची, सुतळीचे दोन फेरे उभे, दोन आडवे, गाठ वरच्या बाजूला, गाठीवर लाख, लाखेवर शिक्का. हात हे इतक्या वेळा करून बसले होते, की काका दुसरीकडे बघत असले तरी हात आपलं उरकून घ्यायचे. त्या दिवशी तळघरात तेच झालं. काका गेले होते गाठ कुठं येईल ते बघायला. वायर हातांनी काढली.

आणि मिनिट लिहायचं, तीही जुनीच खोड. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी काकांनी एका चाकूच्या नोंदीत वेळेच्या रकान्यात नुसतं 'दुपारी' लिहिलं होतं. कोर्टात आरोपीच्या वकिलानं त्या एका शब्दावर त्यांना पाऊण तास उभं केलं. "दुपारी म्हणजे कधी? जेवणाआधी की जेवणानंतर? बरं, तुम्ही जेवता कधी? त्या दिवशी जेवलात का? काय आठवत नाही म्हणता, मग चाकू तरी कसा आठवतो?" लोक हसले. न्यायाधीशसुद्धा मिशीत हसले. आरोपी सुटला; जाताना त्यानं काकांना वाकून नमस्कार केला, तो मात्र काकांना आजतागायत बोचतो. तेव्हापासून काका रोज सकाळी रेडिओच्या टिकटिकीवर घड्याळ लावतात, आणि वस्तूला हात लागला की आधी मिनिट लिहितात, मग पुढचं.

निवृत्तीला पाच आठवडे राहिले होते.

दुपारी ऑफिसात आल्याआल्या काकांनी चिठ्ठीवरची नोंद वहीत उतरवली. पानांवर छापील आकडे, शाई काळी, खाडाखोड नाही. चारच्या सुमाराला साहेबांनी बोलावलं. साहेब काही वाईट माणूस नव्हते. त्यांच्या टेबलावर दुपारचा डबा न उघडता तसाच पडला होता आणि त्यावर फायली चढल्या होत्या.

"बसा काका."

काका बसले नाहीत. एकतीस वर्षांत त्या खुर्चीत ते बसले नव्हते, आता काय बसणार.

"सगळ्या देशांचं मिळून एक पत्रक निघालंय. त्यात छापलंय, ठीक बारा वाजता एकाच क्षणी कारवाई. वरून फोन आला, अभिनंदनाचा. कळतंय ना?"

"हो साहेब."

"तुमच्या वहीत काय आहे?"

"अकरा बेचाळीस."

"तिथं बारा असायला पाहिजे."

काकांनी खिशातलं पेन चाचपलं.

"हे बघा, मी तुम्हाला हुकूम देत नाहीये. वही तुमची, अक्षर तुमचं. एक आकडा खोडायचा, वर बारा लिहायचं, बाजूला छोटी सही. लिहिताना चूक झाली, दुरुस्त केली, संपलं. मुलीला मी सांगतो, शिपायांना मी सांगतो."

"आणि नाही खोडला तर?"

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "तर मला चौकशी लावावी लागेल. अठरा मिनिटं आधी वीज कुणी तोडली, का तोडली. चौकशी चालू असताना माणूस निवृत्त होतो काका, पण त्याचे कागद निवृत्त होत नाहीत. ते पडून राहतात. वर्ष, दोन वर्षं. मी बघितलेत असे. चांगली माणसं होती."

"जी."

"उद्या दुपारपर्यंत वही माझ्याकडे यायची आहे. विचार करा."

काका वळले तसे साहेब मागून म्हणाले, "तुम्हाला बैठकीला बोलवायला पाहिजे होतं. ती माझी चूक." हे ते डब्याकडे बघत म्हणाले.

काका तिसऱ्या मजल्यावर राहायचे. इमारतीला लिफ्ट नव्हती. लिफ्टसाठी सोडलेली जागा होती, तिथं लोक मोडक्या खुर्च्या ठेवायचे. काकू बत्तीस वर्षं दवाखान्यात आया होत्या. बत्तीस वर्षं उभं राहून दोन्ही गुडघ्यांनी हात टेकले होते, असं त्या स्वतःच म्हणायच्या. भाजीला उतरायचं तर सकाळी ठरवून, आणि वर यायचं तर जणू किल्ला चढायचा. दुसऱ्या गावी काकूंच्या भावानं आपल्या घराच्या मागच्या दोन खोल्या त्यांच्यासाठी ठेवल्या होत्या. तळमजला, दाराला एक पायरी, पुढं तुकडाभर अंगण. निवृत्तीचे पैसे आले की त्या खोल्या घ्यायच्या. मेहुण्यानं शब्द दिला होता, तीन महिने थांबतो. काकूंनी अंगणात काय लावायचं ते वर्षभरापूर्वीच ठरवून टाकलं होतं.

त्या संध्याकाळी काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही बोलल्या नाहीत, म्हणजे काकांना कळायला पाहिजे होतं.

"मग?" त्या म्हणाल्या.

"मग काय?"

"बारा लिहिणार ना?"

"लिहिलेलं आहे गं मी. शाईनं."

"अहो, शाई काय दगडावर कोरलीये? साहेब स्वतः सांगतोय. कुणाचं काय जातंय त्यात? चोर पळायचे ते पळाले, दुकान बंद व्हायचं ते झालं."

"खोटं होईल ते."

"अठरा मिनिटं!" काकूंचा आवाज चढला. "माणूस अठरा मिनिटं उगीच दाढी करतो. तुम्ही करता! त्या अठरा मिनिटांसाठी मी अजून दोन वर्षं हे तीन जिने चढू? एकतीस वर्षं मेल्या त्या खोलीतली धूळ खाल्लीत, कधी पेन्सिल घरी आणली नाहीत. बरं केलंत. पण एक आकडा, एक, बायकोसाठी खोडता येत नाही?"

खरं तर काकूंचं बरोबर आहे असंच काकांना वाटत होतं. त्यांनी ताटं घासून ठेवली, जे ते कधी करत नसत; काकूंनी ती पुन्हा घासली.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. दर गुरुवारी ग्रंथपालबाई यायच्या. शहरात अंधांसाठी बोलक्या पुस्तकांचं एक ग्रंथालय होतं, ते या बाई चालवत. लोक येऊन पुस्तकं मोठ्यानं वाचायचे, बाई ते ध्वनिमुद्रित करून ठेवायच्या. बावीस वर्षांचे आवाज. चार महिन्यांपूर्वी कुणीतरी पडद्याआडून येऊन त्या सगळ्याला कुलूप घातलं आणि खंडणी मागितली. बाईंकडे द्यायला काही नव्हतं. यंत्र पुराव्यात जमा झालं, काकांनी त्याला दोन फेरे उभे, दोन आडवे घातले, आणि तेव्हापासून बाई गुरुवारी येऊन जाळीपलीकडून ते बघून जात.

"काय कारकूनसाहेब, माझा कैदी बरा आहे ना?"

"आहे बाई. जेवणखाण नीट चाललंय."

"काल टीव्हीवर सांगत होते, दुकान बंद केलंत म्हणे तुम्ही लोकांनी. सगळीकडे एकाच वेळी."

"हो."

"शाब्बास. मग आमचं कुलूप कुणी लावलं ते कळेल आता?"

काकांनी जाळीच्या कडेची एक वाकडी तार सरळ केली. "बघू."

"बघू म्हणजे नाही. मी पण सरकारी नोकरी केलीये." बाई हसल्या, पण हसणं अर्ध्यात सोडून दिलं. "आमचे एक मास्तर होते हो, इतिहास वाचायचे. आठ पुस्तकं वाचली त्यांनी. मागच्या वर्षी गेले. त्यांची बायको येते, एक धडा ऐकते, घरी जाते. आता आली की मी तिला सांगते, यंत्र दुरुस्तीला दिलंय. चार महिने झाले, एवढं काय दुरुस्त करतायत, असं विचारते ती. मी तरी किती खोटं बोलू?"

बाई गेल्या आणि थोड्या वेळानं तंत्रज्ञ मुलगी आली. हातात दोन कागदी कप. एक काकांपुढं ठेवला. ती कंत्राटावर होती, दर सहा महिन्यांनी कंत्राट वाढायचं किंवा वाढायचं नाही, आणि हा महिना सहावा होता. डोळे तांबरलेले.

"चिडू नकोस पोरी," काका म्हणाले. "माझा हातच..."

"चिडून झालं काल. काका, एक विचारू? तुमचं घड्याळ किती बरोबर असतं?"

"काट्याला काटा. रोज लावतो."

ती स्टुलावर बसली. "बँकेत कधी रांगेत उभे राहिलात? चार खिडक्या आहेत, चार रांगा. एक खिडकी अचानक बंद झाली तर त्या रांगेतले लोक काय करतात?"

"शिव्या देतात."

"आणि मग?"

"पळत दुसऱ्या रांगेत घुसतात."

"तसंच झालं. तुम्ही आमची खिडकी पाडलीत, आणि आमच्या रांगेतले सगळे आपोआप दुसऱ्या देशांतल्या यंत्रांवर गेले. ती यंत्रं चालू होती, बारापर्यंत. आणि तिथं पोलीस आधीपासून प्रत्येकाची नोंद घेत बसले होते. एकाच मिनिटात दोनशे सहा जण येऊन धडकले. आमची यादी गेली काका, पण रांगच चालत तिकडं गेली."

काकांना दोन घोट लागले समजायला. "म्हणजे सापडतील?"

"सगळे नाही. काहींचा माग लागेल. आणि ज्यांनी बाईंच्या ग्रंथालयाला आणि त्याच आठवड्यात आणखी कुणाकुणाला कुलपं लावली, ते याच आमच्या यंत्रातून यायचे, हे आधीच माहितीये. फक्त कोर्टात सिद्ध करावं लागेल, की ते दोनशे सहा आमच्याच रांगेतले होते. म्हणजे आमचं यंत्र नेमकं कुठल्या मिनिटाला बंद पडलं ते." तिनं हातातला कप खाली ठेवला. "यंत्राच्या पोटात ते लिहिलेलं नाही. नोंद न ठेवणारं दुकान ना! कुठं लिहिलंय ते तुम्हाला माहितीये."

"माझ्या वहीत."

"मी काही म्हटलं नाही." ती पटकन उठली. "तुमच्या साहेबांनी मला काय सांगितलं तेही मी तुम्हाला सांगणार नाही, आणि तुम्ही काय लिहिणार ते मला सांगू नका. उद्या कुणी म्हणायला नको, हिनं कारकुनाचे कान भरले. चहा प्या, गार होतोय."

ती गेल्यावर काकांनी वही उघडली. मोठा माणूस असता तर त्याला न्याय वगैरे आठवला असता. काकांना तो वकील आठवला. 'बारा वाजता सगळी यंत्रं एकदम बंद झाली ना? मग अकरा बेचाळीसला हे दोनशे जण पळाले कुठून? आभाळातून पडले?' लोक हसतील. आणि कुलूप लावणारा जाताना कुणाला तरी वाकून नमस्कार करेल.

मग त्यांना आणखी एक गोष्ट सुचली, जी मुलगी बोलली नव्हती. बारा लिहिलं, तर कागदावर तिला पूर्ण अर्धा तास मिळाला होता असं होणार. अर्ध्या तासात काम उरकायचं, आणि हिची नक्कल अर्ध्याच्याही आत. म्हणजे वायर काढली काकांनी आणि आळशी ठरणार ती. महिन्याच्या शेवटी कंत्राटाच्या कागदावर कुणीतरी तेवढंच वाचणार. तिला हे कळलं नसेल असं नव्हतं. तरी ती फक्त चहा ठेवून गेली.

काकांनी पेन उघडलं. आकड्याला हात लावला नाही. खालच्या मोकळ्या ओळीत लिहिलं : 'वरील वेळ बरोबर आहे. वीज मी स्वतः तोडली, कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, सवयीनं. तंत्रज्ञांचं काम त्यामुळे अर्धवट राहिलं.' खाली सही, पूर्ण नावाची. बारा वाजायला पाच मिनिटं असताना वही साहेबांच्या टेबलावर गेली.

साहेबांनी वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. "काकूंना विचारलंत?"

"हो."

"काय म्हणाल्या?"

"बारा लिहा म्हणाल्या."

साहेब खिन्नपणे हसले. "शहाण्या आहेत." मग वही मिटून बाजूला ठेवली. "मी टिपण पाठवतो. 'सवयीनं' हा शब्द नसता तर बरं झालं असतं. आता तोच धरून बसतील."

धरून बसलेच. चौकशी नेमली गेली. चौकशी अधिकारी दुसऱ्या शहरातून यायचे, येतो म्हणायचे, यायचे नाहीत. एकदा आले, तेव्हा त्यांनी काकांना तासभर विचारलं, की वायर कुठल्या हातानं काढली. निवृत्तीचा दिवस आला तसा गेला. ऑफिसानं हार घातला, भाषणं झाली, एका शिपायानं पोपटाची आठवण काढून जांभई देऊन दाखवली, लोक हसले. कागद मात्र वरच्या कपाटात राहिले. काकांच्या एकतीस वर्षांना कुणीतरी सुतळीचे दोन फेरे उभे, दोन आडवे घालून ठेवले होते.

मेहुणा तीन महिने थांबला. चौथाही थांबला. पाचव्या महिन्यात त्याचा फोन आला, काकूंनी घेतला. "हो रे... नाही, तू तरी काय करणार... खोल्या घेणारे कोण, शिक्षक आहेत का? बरं, चांगली माणसं असतील... अंगणात त्यांना म्हणावं ओल असते, जपून." फोन ठेवून त्या मोज्यांच्या घड्या करत बसल्या. घड्या करून झालेल्या मोज्यांच्या.

त्या काळात त्या काकांशी भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं. फक्त जिना चढताना प्रत्येक वळणावर थांबायच्या, कठड्याला धरून म्हणायच्या, "झाली का हो अठरा मिनिटं?" काका भाजीची पिशवी घेऊन खालच्या पायरीवर उभे राहायचे.

एक दिवस दुपारी तंत्रज्ञ मुलीचा फोन आला. दोनशे सहांपैकी अकरा जणांचा माग लागला होता. पडद्याचा मालक त्यात नव्हता; तो त्या अठरा मिनिटांतच सगळं पुसून पसार झाला, असं आता सगळे मानत होते. ते काकांच्याच खाती. पण अकरांतला एक ग्रंथालयाचं कुलूप लावणारा निघाला. कोवळा मुलगा, तिसऱ्याच देशातला. त्याच्याकडे किल्ली मिळाली. किल्लीनं सगळं उघडलं नाही, तिसरा हिस्सा उघडला; बाकीचं त्यानंच लावताना बिघडवलं होतं.

"मास्तरांची पुस्तकं?" काकांनी विचारलं.

"आठातली तीन."

"तीन," काका म्हणाले. "बरं. बाईंना कळवलंस?"

"काल नेलं त्यांनी यंत्र. तुम्ही बांधलेल्या गाठी सुटता सुटेनात त्यांना. तुम्हाला एक शिवी देऊन गेल्यात, प्रेमानं."

संध्याकाळी भाजी घेऊन चढताना काकांनी हे काकूंना सांगितलं. त्या पहिल्या मजल्यावर थांबल्या होत्या, दम खात.

"त्या मुलीचं काय झालं?"

"कंत्राट वाढलं."

"किती?"

"सहा महिने."

"सहाच?" काकूंनी पदरानं मानेवरचा घाम टिपला. "आणि मास्तरांच्या बायकोला तीन पुस्तकं."

"हो."

"ऐकत बसली असेल," त्या म्हणाल्या आणि पुढच्या पायऱ्या चढल्या. त्या दिवशी अठरा मिनिटांचं काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी बोलल्या. माणूस आहे.

दुसऱ्या मजल्यावर एक शिंपी राहायचा, घरातच मशीन टाकून शिवायचा. काकूंना वळणावर उभं पाहून त्यानं एकदा आतून आपलं स्टूल आणून जिन्यात ठेवलं. "वहिनी, टेका जरा. राहू द्या आठवडाभर इथंच." काका म्हणाले, "आठवडा कशाला, मी दुसरं घेऊन येतो, तुमचं तुम्हाला परत." त्याला आता दोन महिने होत आले. आधी बाजार लांब, मग चौकशीची तारीख, मग काकांचीच कंबर धरली. शिंपी पत्र्याचा डबा पालथा घालून त्यावर बसून शिवतो. डबा बुटका, त्यामुळे हात वर करून, मशीनला शरण आल्यासारखा दिसतो.

कालही काकू पुढं गेल्या होत्या आणि काका मागून एकटेच वर येत होते. शिंप्याचं दार उघडं होतं.

"काका, घाई नाही हो," तो सुई ओवता ओवता म्हणाला, "पण स्टूल तेवढं..."

"उद्या," काका म्हणाले. "उद्या नक्की."

शिंप्यानं मान डोलावली आणि डब्यावर जरा सरकून बसला. काका वळणापर्यंत आले. स्टुलावर काकू बसल्या होत्या, वर जायला अजून एक जिना होता, आणि त्या काही उठायच्या विचारात दिसत नव्हत्या.